लोकमताची मोजणी आणि लोकमताची जोपासना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अध्यक्षीय निवडणुकीचा दिवस कोणाच्याही लहरीवर अवलंबून नसतो. नोव्हेंबर महिन्यातील पहिल्या सोमवारनंतर येणारा मंगळवार हा तो दिवस १८४५ साली कायद्याने ठरून गेला. त्यानंतर त्या देशात यादवी युद्ध झाले, दोन महायुद्धांत त्याचे सैनिक लढले, जागतिक मंदीने लाखो कुटुंबांच्या तोंडचा घास काढून घेतला, अलीकडे महामारीही येऊन गेली. परंतु तो मंगळवार एकदाही चुकला नाही. दर चार वर्षांनी अध्यक्ष, दर दोन वर्षांनी संपूर्ण प्रतिनिधिगृह आणि सेनेटचे सुमारे एक तृतीयांश सभासद लोकांपुढे कौल मागावयास उभे राहतात. राज्यकर्त्यांना इतक्या नियमाने जनतेच्या दारात आणणारी राज्यघटना ही त्या राष्ट्राची मोठी मिळकत आहे, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य केले पाहिजे.

या नियमितपणाचा दुसरा परिणाम मात्र तितकासा भूषणावह नाही. ज्या देशात पुढच्या निवडणुकीची तारीख सर्वांस आधीच ठाऊक असते, त्या देशात निवडणुकीचा प्रचार खऱ्या अर्थाने कधी संपतच नाही. एक मतमोजणी आटोपते न आटोपते तोच पुढच्या उमेदवारांची नावे चर्चेत येतात, देणग्या गोळा होऊ लागतात आणि लोकांची पसंती कोणाला आहे याच्या चाचण्या सुरू होतात. जनतेला काय वाटते हे इतक्या वेळा आणि इतक्या बारकाईने विचारणारा दुसरा देश क्वचितच सापडेल. असे असूनही २०१६ सालच्या निकालाने बहुतेक सर्व जाणत्यांना चकित केले. २०२० साली राष्ट्रीय मताच्या चाचण्या त्यापूर्वीच्या चाळीस वर्षांत चुकल्या नव्हत्या इतक्या चुकल्या. आणि त्या निवडणुकीत पराभूत झालेल्या उमेदवाराच्या समर्थकांचा जमाव ६ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकन काँग्रेसच्या इमारतीत घुसला, कारण मोजलेली मते खरी आहेत हेच त्या लोकांना मान्य नव्हते.

लोकमत मोजण्याची विद्या इतकी वाढली असता लोकमताच्या निर्णयावरचा विश्वास का आटावा, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे. आमच्या मते त्याचे उत्तर असे की, लोकमताची मोजणी आणि लोकमताची जोपासना ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्या कामावर अमेरिकेने अफाट बुद्धी आणि अफाट पैसा खर्च केला; दुसरे काम तिने हळूहळू वाऱ्यावर सोडले. पहिले काम कितीही उत्तम झाले तरी ते दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. इतकेच काय, दुसरे काम बिघडले की पहिलेही बिघडते.

शितावरून भाताची परीक्षा

मतचाचणीच्या शास्त्राचा जन्म एका प्रसिद्ध फजितीतून झाला. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने १९१६ पासून सलग पाच अध्यक्षीय निवडणुकांचे निकाल अचूक वर्तविले होते. १९३६ साली त्याने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. त्यांतील तेवीस-चोवीस लाख परत आल्या आणि त्यांच्या आधारे साप्ताहिकाने जाहीर केले की, रिपब्लिकन पक्षाचे आल्फ्रेड लँडन हे फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा पराभव करणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना एकसष्ट टक्क्यांच्या आसपास मते मिळाली आणि अठ्ठेचाळीस राज्यांपैकी फक्त मेन व व्हर्मोंट ही दोन राज्ये लँडन यांच्या वाट्याला आली. दोन वर्षांच्या आत ते साप्ताहिकही बंद पडले.

चूक कोठे झाली? मतपत्रिका ज्या याद्यांवरून पाठविल्या, त्या मुख्यतः दूरध्वनीच्या आणि मोटारगाड्यांच्या नोंदीतून घेतलेल्या होत्या. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी दूरध्वनी नव्हता आणि दारात मोटार नव्हती, तो माणूस या मोजणीच्या बाहेरच राहिला. शिवाय, आलेली मतपत्रिका भरून परत पाठविण्याचे कष्ट घेणारा आणि न घेणारा हे दोघे सारख्याच मताचे असतील, हे गृहीतही खोटे ठरले. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान, पण समाजातील निरनिराळ्या थरांतून निवडून घेतलेल्या नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय वर्तविला. शितावरून भाताची परीक्षा होते हे आपल्याकडील प्रत्येक गृहिणी जाणते. ते शीत सबंध पातेले ढवळून घेतले पाहिजे, एवढेच गॅलप यांनी अमेरिकेला पटवून दिले.

बारा वर्षांनी हाच प्रसंग गॅलप यांच्यावर आला. १९४८ साली सर्व प्रमुख चाचण्यांनी थॉमस ड्यूई यांना विजयी ठरविले होते. एल्मो रोपर यांनी तर सप्टेंबरातच चाचण्या आवरत्या घेतल्या. आता निकाल ठरलाच आहे, मग आणखी विचारावयाचे कशाला, असा त्यांचा हिशेब. इकडे हॅरी ट्रुमन आगगाडीने गावोगाव फिरत होते आणि डब्याच्या मागच्या सज्जात उभे राहून शेतकऱ्यांशी व कामगारांशी बोलत होते. मतदानाच्या रात्री ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ने ड्यूई विजयी झाल्याचा भला थोरला मथळा छापून टाकला, आणि तो अंक दोन्ही हातांनी उंच धरून हसत उभे असलेले ट्रुमन यांचे छायाचित्र अमेरिकेच्या इतिहासात अजरामर झाले.

२०१६ सालची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. त्या वर्षी राष्ट्रव्यापी चाचण्या वास्तविक फारशा चुकल्या नव्हत्या. हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा अठ्ठावीस लाखांहून अधिक मते जास्त पडली. परंतु अमेरिकेचा अध्यक्ष राज्यवार निर्वाचक मतांनी निवडला जातो, आणि मिशिगन, पेनसिल्व्हेनिया व विस्कॉन्सिन या तीन राज्यांत मिळून सुमारे अठ्ठ्याहत्तर हजार मतांनी पारडे फिरले. चाचण्या चुकल्या त्या अशा राज्यांतच. पुढे व्यवसायातील तज्ज्ञांनी चौकशी केली तेव्हा आढळले की, काहींचा निर्णय अगदी शेवटच्या दिवसांत झाला होता. आणि दुसरे असे की, महाविद्यालयात शिकलेली माणसे चाचणीच्या प्रश्नांना अधिक प्रमाणात उत्तरे देतात, ही गोष्ट अनेक राज्यांतील चाचण्यांनी हिशेबात धरली नव्हती. परिणामी महाविद्यालयाची पायरी न चढलेल्या मतदाराचा आवाज आहे त्याहून क्षीण ऐकू आला.

या तिन्ही प्रसंगांत एक सूत्र आहे आणि सुशिक्षित वाचकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. १९३६ साली दारात मोटार नसलेला माणूस हिशेबाबाहेर राहिला. १९४८ साली शेवटपर्यंत विचार करणारा माणूस राहिला. २०१६ साली पदवी नसलेला माणूस राहिला. प्रत्येक वेळी गणिताची एकेक चूक दुरुस्त झाली. परंतु त्या चुकीच्या मुळाशी असलेला दोष गणिताचा नव्हता. मोजणाऱ्या वर्गाची ज्यांच्याशी ऊठबस नाही, अशा देशबांधवांविषयीचे ते अज्ञान होते. शेजारच्या वस्तीत कोणी राहते हे ज्याला केवळ तक्त्यावरून कळते, त्याचा तक्ता कधीतरी चुकणारच.

मतदार की गिऱ्हाईक?

मोजणीची विद्या वाढत असतानाच बोलण्याची साधने बदलत होती. मार्च १९३३ मध्ये अमेरिकेतील बँका एकापाठोपाठ एक कोसळत होत्या. रूझवेल्ट यांनी सर्व बँकांना सुटी दिली आणि १२ मार्चच्या रात्री नभोवाणीवरून जनतेशी संवाद साधला. बँक आपल्या ठेवीचे काय करते, सगळ्यांनी एकाच दिवशी पैसे मागितले तर काय होते, आणि सरकारने कोणता उपाय योजला आहे, हे त्यांनी एखाद्या शिक्षकाने वर्गात समजावून सांगावे तसे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून बँका क्रमाने उघडू लागल्या तेव्हा काढून नेलेले पैसे लोकांनी परत आणून भरले. नवे साधन आणि जबाबदार वक्ता यांची गाठ पडली म्हणजे केवढे कार्य होऊ शकते, याचा हा उत्तम दाखला होय.

वीस वर्षांच्या आतच तेच काम जाहिरात संस्थांच्या हाती गेले. १९५२ साली जनरल आयसेनहॉवर यांच्यासाठी रॉसर रीव्ह्ज या जाहिरात-विशारदाने दूरचित्रवाणीवर वीस-वीस सेकंदांच्या जाहिराती तयार केल्या. त्यांत सामान्य नागरिक प्रश्न विचारतो आणि जनरलसाहेब उत्तर देतात, असे दृश्य दिसे. वास्तविक जनरलसाहेबांची उत्तरे आधी चित्रित झाली होती आणि प्रश्न विचारणारी माणसे मागाहून गोळा करण्यात आली होती! संवादाचा आभास होता, संवाद नव्हता. त्यांचे प्रतिस्पर्धी अॅडलाय स्टीव्हन्सन यांनी १९५६ साली आपल्या पक्षाच्या अधिवेशनात खेद व्यक्त केला की, न्याहारीचा माल खपवावा तसा उच्च पदाचा उमेदवार खपविणे ही लोकशाहीची विटंबना आहे. त्यांची तक्रार योग्य होती; निवडणूक मात्र ते दुसऱ्यांदा हरले.

२६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे केनेडी आणि निक्सन यांच्यात झालेला पहिला दूरचित्रवाणी वादविवाद सुमारे सात कोटी लोकांनी पाहिला. निक्सन नुकतेच आजारातून उठले होते आणि पडद्यावर ते म्लान दिसले, ही गोष्ट खरी आहे. परंतु ज्यांनी तो वाद नभोवाणीवर ऐकला त्यांना निक्सन जिंकले असे वाटले, ही जी कथा आजही पुस्तकांतून सांगितली जाते, तिचा आधार फार कच्चा आहे. ज्या पाहणीवर ती उभी आहे, तिच्यात केवळ नभोवाणीवर ऐकणारे लोक तीनशेही नव्हते आणि त्यांचा कल आधीपासून कोणाकडे होता याचा नीट हिशेब झालेला नव्हता. माध्यमांच्या सामर्थ्याविषयीच्या आख्यायिकाही माध्यमांतूनच पसरतात, हे या निमित्ताने ध्यानात ठेवावे.

चार वर्षांनी, ७ सप्टेंबर १९६४ रोजी, अध्यक्ष जॉन्सन यांच्या बाजूने एक जाहिरात दाखविण्यात आली. एक लहान मुलगी फुलाच्या पाकळ्या खुडीत मोजते आहे, मग उलटी गणती ऐकू येते आणि पडदा अणुस्फोटाने भरून जातो. प्रतिस्पर्धी बॅरी गोल्डवॉटर यांचे नावसुद्धा तीत नव्हते. प्रचारयंत्रणेने पैसे देऊन ती एकदाच दाखविली. पुढे वृत्तकार्यक्रमांनीच तिची चर्चा करकरून ती घरोघर पोहोचविली. युक्तिवाद न करता भीती जागी करावी आणि मग वृत्तव्यवसायाने तिचा फुकट प्रसार करावा, ही रीत तेव्हापासून जी रूढ झाली ती आजतागायत चालू आहे.

जाहिरातीला पैसा लागतो. पैशाविषयी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली असा निर्णय दिला की, निवडणुकीत पैसा खर्च करणे हा मतप्रदर्शनाचाच भाग असल्यामुळे त्या खर्चावर मर्यादा घालता येत नाही. देणग्यांवर मात्र घालता येते. २०१० साली पाच विरुद्ध चार मतांनी त्याच न्यायालयाने व्यापारी कंपन्यांना व कामगार संघटनांना उमेदवारापासून स्वतंत्रपणे वाटेल तितका खर्च करण्याची मोकळीक दिली. भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण करण्याच्या हेतूविषयी आम्हांला आदर आहे. परंतु ज्या सभेत एकाच्या हाती ध्वनिक्षेपक आहे आणि दुसऱ्याला केवळ स्वतःच्या गळ्यावर भागवावे लागते, त्या सभेत दोघांचे स्वातंत्र्य सारखेच आहे असे म्हणणे ही वस्तुस्थितीची थट्टा होय.

माध्यमे सर्वशक्तिमान नाहीत

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की, अमेरिकन मतदार हा पैसेवाल्यांच्या आणि प्रचारकांच्या हातचे बाहुले आहे. इतिहास या निष्कर्षाला पाठिंबा देत नाही. १९३६ साली बहुसंख्य वृत्तपत्रे रूझवेल्ट यांच्या विरुद्ध होती. १९४८ साली ती ट्रुमन यांच्या विरुद्ध होती. २०१६ साली मोठ्या वृत्तपत्रांपैकी ट्रम्प यांना पाठिंबा देणारी बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. तिन्ही वेळा मतदारांनी संपादकांचे ऐकले नाही. २०२० साली न्यूयॉर्कचे माजी महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी पदरचे शंभर कोटी डॉलरांहून अधिक खर्च केले. त्या खर्चातून त्यांच्या पदरी विजय पडला तो दूरच्या अमेरिकन सामोआ बेटांपुरता, आणि मार्च महिन्यातच त्यांनी माघार घेतली.

यामागचे कारण समाजशास्त्रज्ञांनी फार पूर्वी शोधून ठेवले आहे. १९४० सालच्या निवडणुकीत पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी ओहायो राज्यातील ईरी नावाच्या परगण्यात जाऊन बसले आणि तेथील त्याच त्या मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा भेटत राहिले. प्रचाराने मत फिरलेली माणसे त्यांना थोडीच आढळली. बहुतेकांचे मत घर, धंदा, धर्म व शेजार यांच्या संगतीत ठरत होते. आणि ज्यांचे बदलले त्यांच्यावर वृत्तपत्रापेक्षा किंवा नभोवाणीपेक्षा ओळखीच्या जाणत्या माणसाच्या शब्दाचा परिणाम अधिक झाला होता. वृत्तपत्र वाचणारा एक आणि त्याच्याशी बोलणारे दहा, अशी ती साखळी होती. पुढे १९६८ साली मॅक्कोम्ब्ज आणि शॉ या दोन संशोधकांनी चॅपेल हिल येथे केलेल्या पाहणीतून असे दिसून आले की, कोणते प्रश्न महत्त्वाचे मानावयाचे याबाबत मतदारांचा क्रम आणि माध्यमांचा क्रम विलक्षण जुळतो. म्हणजे उत्तर काय द्यावे हे माध्यमांना लोकांकडून वदवून घेता येत नसले, तरी प्रश्नपत्रिका काढण्याचे काम बरेचसे त्यांच्याच हाती असते. आणि ज्याने कधी परीक्षा घेतली आहे त्याला प्रश्नपत्रिका काढणाऱ्याचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको!

या अधिकाराचा उपयोग अमेरिकन माध्यमे कसा करतात? दुर्दैवाने, बव्हंशी घोड्यांच्या शर्यतीचे धावते वर्णन करण्यात. आज कोण पुढे, कोण मागे, कालच्या भाषणाने किती टक्के वाढले, या चर्चेने पडदा व्यापला जातो. उमेदवाराचे आरोग्यविम्याचे धोरण काय आणि त्याचा खर्च कोणी भरावयाचा, ही चर्चा मागे पडते. मतचाचणी ही बातमी म्हणून स्वस्त आणि तयार असते; धोरणाचा अभ्यास महाग आणि कंटाळवाणा. अशा रीतीने मोजणीनेच जोपासनेची जागा बळकाविली आहे.

गावचा पार मोडला

तरीही एक काळ असा होता की, या सर्व दोषांसह अमेरिकन जनता निदान एकाच पाराभोवती बसलेली होती. तीन मोठ्या दूरचित्रवाणी संस्था संध्याकाळच्या बातम्या देत आणि विरोधी पक्षांचे लोकही त्याच बातम्या पाहून भांडत. १९४९ पासून लागू असलेल्या एका नियमानुसार नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांना सार्वजनिक महत्त्वाच्या प्रश्नांची चर्चा करावी लागे आणि विरुद्ध बाजूसही वाव द्यावा लागे. १९८७ साली तो नियम रद्द झाला. पुढील वर्षी रश लिंबॉ यांचा एकतर्फी राजकीय कार्यक्रम देशभरच्या नभोवाणी केंद्रांवरून ऐकू येऊ लागला आणि त्याच्या मागोमाग तशा कार्यक्रमांचे पीक आले. तारेवरून येणाऱ्या वाहिन्यांना तो जुना नियम मुळातच लागू नव्हता, त्यामुळे सर्व दोष त्याच्या रद्द होण्यावर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु १९९६ नंतर प्रत्येक मताच्या माणसाला त्याच्या मताची वाहिनी मिळाली आणि त्यानंतरच्या दशकात समाजमाध्यमांनी प्रत्येकाला त्याच्यापुरती वेगळी बातमी मिळण्याची सोय करून दिली. आठ कोटी सत्तर लाखांपर्यंत फेसबुक-सभासदांची माहिती केंब्रिज अॅनालिटिका या प्रचारसंस्थेच्या हाती गैरमार्गाने गेल्याचे २०१८ साली उघड झाले. तिचा मतदानावर किती परिणाम झाला याविषयी मतभेद आहेत; प्रचाराची दिशा कोणती आहे याविषयी मात्र मतभेदाला जागा नाही. ज्याचे भाषण प्रत्येकाच्या कानात वेगवेगळे सांगितले जाते, त्या वक्त्याला खोटे पाडावयाचे कोणी आणि कोठे?

असा श्रोता मग वाहिनीचा धनी होऊन बसतो. २०२० च्या निवडणुकीत मतयंत्रांत गोलमाल झाला, असा आरोप फॉक्स न्यूज वाहिनीवरून वारंवार प्रसृत झाला. यंत्रे पुरविणाऱ्या डोमिनियन कंपनीने फिर्याद केली, तेव्हा वाहिनीतील कित्येकांचा खासगीत त्या आरोपांवर विश्वास नव्हता हे त्यांच्याच संदेशांवरून उजेडात आले. खरे बोलल्यास प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीकडे जातील, ही धास्ती त्या संदेशांतून स्पष्ट दिसते. एप्रिल २०२३ मध्ये वाहिनीने सुमारे अठ्ठ्याहत्तर कोटी पंचाहत्तर लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटविले. एके काळी माध्यमे लोकांना फसवितात अशी तक्रार असे. येथे प्रेक्षकांना जे ऐकावयाचे होते तेच त्यांना ऐकविण्यात आले.

याहूनही मोठी हानी मात्र अगदी शांतपणे झालेली आहे. २००५ पासून अमेरिकेतील एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली, आणि त्यांतील बहुसंख्य लहान गावांची साप्ताहिके होती. गावच्या शाळामंडळाची सभा, पुलाचे कंत्राट, न्यायालयातील खटला, शेजाऱ्याच्या मुलीचे लग्न हे सर्व ज्यात छापून येई, ते पत्र विरुद्ध पक्षांच्या दोन माणसांना एकाच गावचे ठेवीत असे. ते गेल्यावर त्या गावाला राजकारण उरले ते केवळ वॉशिंग्टनचे, आणि तेही भांडणाच्या रूपात. लाझर्सफेल्ड यांना आढळलेला तो जाणता शेजारी वाचणार काय आणि सांगणार काय?

या पडझडीचे माप अखेर मोजणाऱ्यांच्याच वहीत उमटले आहे. वृत्तमाध्यमांवर बऱ्यापैकी विश्वास आहे असे म्हणणारे लोक १९७६ साली गॅलप संस्थेच्या पाहणीत शंभरांत बहात्तर होते. २०२४ साली ते एकतीस उरले. प्यू या नामांकित संशोधनसंस्थेने १९९७ साली दूरध्वनीवरून शंभर ठिकाणी विचारणा केली तर छत्तीस ठिकाणी उत्तर मिळे; २०१८ साली अवघ्या सहा ठिकाणी मिळू लागले. ज्याचा कशावरच विश्वास उरलेला नाही तो मतचाचणीच्या प्रश्नालाही उत्तर देत नाही. आणि मतदानाच्या दिवशी मात्र तो येतो. मोजणी चुकते ती येथे. जोपासना थांबली की मोजणीही फसते, असे आम्ही आरंभी म्हटले त्याचा हा पुरावा.

एक जुना वाद आणि आपला त्याच्याशी संबंध

लोकमताचे हे भवितव्य शंभर वर्षांपूर्वी दोन अमेरिकन विचारवंतांनी ओळखले होते. वॉल्टर लिपमन यांनी १९२२ साली ‘पब्लिक ऑपिनियन’ या ग्रंथात असा सिद्धांत मांडला की, आधुनिक जग इतके अफाट आहे की सामान्य नागरिकाला ते प्रत्यक्ष दिसत नाही. त्याच्या मनात जगाची जी चित्रे असतात त्यांच्या आधाराने तो मत बनवितो, आणि ती चित्रे दुसऱ्यांनी रंगविलेली असतात. म्हणून तज्ज्ञांचे साहाय्य घेतल्यावाचून लोकशाहीला गत्यंतर नाही. जॉन ड्यूई यांनी हे निदान मानले, पण औषध नाकारले. १९२७ साली त्यांनी उत्तर दिले की, तज्ज्ञ कितीही शहाणे असले तरी जोडा कोठे चावतो हे घालणारालाच कळते; म्हणून लोकांमधील परस्पर संवाद, विशेषतः शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील समोरासमोरचा संवाद, सुधारण्यावाचून लोकशाहीला तरणोपाय नाही.

या ड्यूईंच्या व्याख्यानांना कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ या काळात एक मराठी विद्यार्थी बसत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्छेदासंबंधी जे भाषण लिहिले, त्यात लोकशाही ही केवळ राज्यकारभाराची पद्धत नसून एकत्र जगण्याची आणि अनुभव परस्परांस पोहोचविण्याची रीत आहे, असे ड्यूईंच्याच वळणाचे प्रतिपादन आढळते. त्याआधी, ३१ जानेवारी १९२० रोजी, त्यांनी जे पाक्षिक सुरू केले त्याचे नावच ‘मूकनायक’ असे होते. ज्यांचा आवाज कोणत्याही याद्यांत आणि कोणत्याही वृत्तपत्रांत उमटत नव्हता, त्यांच्यासाठी ते पत्र होते. अमेरिकेतील तीन मतचाचण्यांना चुकविणारा तो मोजणीबाहेरचा माणूस कोण, हे बाबासाहेबांनी वेगळ्या देशात आणि वेगळ्या संदर्भात ओळखले होते. संवादाच्या वाटा जेथे बंद आहेत तेथे मतपेटी असूनही लोकमत अपुरेच राहते, ही शिकवण आम्हांला परकी नाही.

आम्ही मतचाचण्यांचे शत्रू नाही. त्या नसत्या तर प्रत्येक सत्ताधीशाने जनता आपल्याच पाठीशी आहे असा डांगोरा पिटला असता. निदान त्या डांगोऱ्याला त्यांनी लगाम घातला आहे. समाईक चर्चेचे सामर्थ्यही पूर्ण नाहीसे झालेले नाही. २७ जून २०२४ च्या रात्री अध्यक्ष बायडेन आणि ट्रम्प यांचा वादविवाद पाच कोटी लोकांनी एकाच वेळी पाहिला, आणि त्यात जे दिसले ते कोणत्याही प्रचारकाला झाकता आले नाही. चार आठवड्यांच्या आत बायडेन यांनी उमेदवारी सोडली. त्याच वर्षी आपल्याकडील मतदानोत्तर चाचण्यांनी लोकसभेत सत्तारूढ आघाडीला प्रचंड बहुमत दिले होते आणि प्रत्यक्ष निकालात तिला २९३ जागा मिळाल्या. २००४ सालीही असाच अनुभव आला होता. मोजणीबाहेरचा माणूस आपल्या देशातही आहे, आणि तो येथे फार मोठ्या संख्येने आहे.

म्हणून आमच्या वाचकांना आमचे सांगणे एवढेच आहे. चाचणीचा आकडा वाचताना, यात कोणाला विचारले आणि कोण राहून गेले, हा प्रश्न प्रथम विचारावा. आपल्या मताची वाहिनी पाहून झाल्यावर विरुद्ध मताचे एखादे पत्र सबंध वाचावे. गावच्या व पेठेच्या बातम्या देणारे लहान पत्र चालत असेल तर त्याची वर्गणी भरावी, कारण ते बंद पडल्यावर पुन्हा सुरू होणे कठीण असते. आणि ज्याच्या मताचे आपल्याला नेहमी आश्चर्य वाटते, त्या शेजाऱ्याशी, दूधवाल्याशी, गावाकडच्या भावबंदाशी निवडणूक नसताना बोलावे. ही कामे किरकोळ आहेत आणि त्यांना शास्त्राची जोड लागत नाही. अमेरिकेसारख्या संपन्न, विद्यासंपन्न राष्ट्राने ती दुसऱ्यांवर सोडली, आणि त्याची किंमत ते राष्ट्र आज मोजीत आहे.